विद्यार्थ्याचा कॅमेरा आणि कीर्तिमंताचा चेहरा

शाळेच्या कोणत्याही वार्षिकांकात चार-सहा पाने छायाचित्रांची असतात. पहिल्या ओळीत शिक्षकमंडळी गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली, मागे विद्यार्थी उंचीच्या क्रमाने उभे, आणि साऱ्यांच्या मुद्रेवर एकच भाव : 'आता हलावयाचे नाही!' अशा छायाचित्रावरून कोण हजर होते हे कळते. कोण कसे होते हे मात्र कळत नाही. स्मृतीसाठी त्याचा उपयोग आहे, आणि तो थोडाथोडका नाही. परंतु त्यास व्यक्तिचित्र म्हणता येणार नाही.

व्यक्तिचित्र ही निराळी वस्तू आहे. ते घडविण्यात दोन माणसांचा हात असतो. एक कॅमेऱ्याच्या पुढचा आणि दुसरा मागचा. पुढच्याची इच्छा असते की आपण बरे दिसावे. मागच्याची इच्छा असते की हा माणूस जसा आहे तसा दिसावा. या दोन इच्छांची जेथे गाठ पडते तेथे व्यक्तिचित्र जन्मास येते. आता समजा, पुढचा माणूस जगाने डोक्यावर घेतलेला आहे आणि मागचा अजून शिकाऊ आहे. हातात साधा कॅमेरा, पदरी अनुभव बेताचा, आणि मनात धाकधूक. अशा स्थितीत ती गाठ पडावी कशी? थोरामोठ्यांचे चित्र काढण्यास थोरच छायाचित्रकार हवा आणि भारी किमतीचे यंत्र हवे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत कितपत खरी, ते पाहण्यासाठी आम्ही एकाच माणसाच्या चेहऱ्याचा मागोवा घेणार आहोत.

हा माणूस म्हणजे जॉन लेनन. इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरी १९४० साली तो जन्मला. 'बीटल्स' या नावाने जगभर गाजलेल्या संगीतमंडळाची पायाभरणी त्याने केली. गिटार, ढोलाचा कडक ठेका आणि मोकळा आवाज यांवर उभे असलेले 'रॉक' संगीत या मंडळाने घरोघर पोहोचविले. १९६३ नंतर त्याचा चेहरा ओळखत नाही असा तरुण युरोप-अमेरिकेत सापडणे कठीण झाले. त्याची छायाचित्रे असंख्य निघाली. परंतु त्यांतील जी आजही काढून पुनःपुन्हा पाहिली जातात, त्यांपैकी काही अगदी शिकाऊ हातांनी टिपलेली आहेत, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

जत्रेच्या मैदानावर

१९६० च्या ऑगस्टमध्ये पाच पोरे लिव्हरपूलहून जर्मनीतील हांबुर्ग शहरी आली : जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन, स्ट्युअर्ट सटक्लिफ आणि पीट बेस्ट. त्यांस कोणी ओळखीत नव्हते. बंदराजवळच्या रात्रीच्या वस्तीतील एका तळघरवजा गाणेघरात ती रोज रात्री तासन् तास वाजवीत आणि एका चित्रपटगृहाच्या पडद्यामागील अंधाऱ्या खोलीत झोपत. हॅरिसन तर अवघा सतरा वर्षांचा होता. याच कारणास्तव नोव्हेंबरमध्ये जर्मन सरकारने त्याला परत पाठविले; अठरा वर्षांखालील मुलास तेथे रात्री काम करण्याची मनाई होती.

त्या गाणेघरात ऑक्टोबरच्या सुमारास क्लाउस फोरमान नावाचा चित्रकलेचा एक तरुण सहज शिरला आणि ऐकतच राहिला. पुढे तो आपल्या दोन स्नेह्यांस घेऊन आला : ॲस्ट्रिड किर्शहेर आणि युर्गेन फोल्मर. हे तिघेही हांबुर्गमधील एकाच कलाशाळेत शिकलेले. फॅशन, वस्त्रकला, आलेख्य आणि जाहिरातकला असे विषय तेथे शिकवीत. ॲस्ट्रिड गेली होती पोशाखांची योजना शिकण्यास. परंतु तिने काढलेली छायाचित्रे राइनहार्ट वोल्फ या शिक्षकांच्या दृष्टीस पडली आणि त्यांनी तिला छायाचित्रणाकडे वळविले. पुढे त्यांनीच तिला आपल्या हाताखाली साहाय्यक म्हणून घेतले. त्या वेळी ती बावीस वर्षांची होती. शिक्षकाची पारख विद्यार्थ्याच्या आयुष्याचा प्रवाह कसा बदलते, याचे हे एक उदाहरण म्हणता येईल.

ॲस्ट्रिडला इंग्रजी फारसे येत नव्हते आणि त्या पोरांना जर्मन येत नव्हते. मध्ये दुभाष्याचे काम फोरमान करी. तिने त्यांस विचारले, तुमची छायाचित्रे काढू का? ती कबूल झाली. ठिकाण तिने निवडले ते हांबुर्गचे जत्रेचे मैदान. तेथे वर्षातून तीनदा मोठी जत्रा भरते आणि तिला 'डोम' म्हणतात. डोम म्हणजे मोठे देऊळ, कॅथीड्रल. जुन्या काळी ही जत्रा शहरातील मोठ्या चर्चच्या आश्रयाने भरत असे. ते चर्च १८०४ नंतर पाडण्यात आले, जत्रा दुसरीकडे गेली, पण नाव तेच राहिले. देऊळ हलले तरी जत्रेचे नाव सुटत नाही, हा अनुभव आम्हा गोव्याच्या लोकांना परका नाही.

वाजविण्याची जागा सोडून जत्रेचे मैदान का? येथेच तिची दृष्टी दिसून येते. गाणाऱ्याचे चित्र दिव्यांच्या झगमगाटात, हसऱ्या मुद्रेने काढावे अशी त्या वेळची रीत होती. ॲस्ट्रिडने त्यांस दिवसाच्या फिकट उजेडात, गाड्यांच्या आणि यंत्रांच्या लोखंडी सांगाड्यांपुढे उभे केले. हातांत वाद्ये, अंगात कातडी कोट, चेहऱ्यांवर हसू नाही. तरुण, थकलेली, किंचित उद्धट आणि तरीही एकमेकांना धरून असलेली ती पोरे होती तशी दिसली. चित्रे काढून झाल्यावर तिने त्यांस आपल्या घरी नेले आणि तिच्या आईने त्यांस खाऊ घातले. परक्या मुलखात, उपाशीतापाशी रात्री काढणाऱ्या मुलांना या गोष्टीचे मोल काय वाटले असेल, हे वसतिगृहात राहिलेल्या कोणाही विद्यार्थ्याला सांगावयास नको.

तिचा कॅमेरा होता 'रॉलायकॉर्ड'. या जातीच्या कॅमेऱ्याला एकावर एक अशी दोन भिंगे असतात. वरच्या भिंगातून आलेली प्रतिमा आरशावर आदळून वरील दुधी काचेवर उमटते. खालच्या भिंगातून फिल्मवर चित्र उठते. छायाचित्रकार कॅमेरा छातीशी धरून खाली मान घालून पाहतो. काचेवर डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे दिसते, त्यामुळे नवख्याची प्रथम फसगत होते. एका गुंडाळीवर ६ सेंटिमीटर लांब-रुंद अशी अवघी १२ चित्रे निघतात. आजच्या मुलांना ही संख्या हास्यास्पद वाटेल. परंतु याच अडचणीतून दोन गुण निपजतात. एक असा, की बाराच चित्रे असल्यामुळे प्रत्येकाआधी विचार करावा लागतो. दुसरा असा, की कॅमेरा डोळ्यांपुढे येत नसल्याने छायाचित्रकाराचा चेहरा झाकला जात नाही. समोरच्या माणसाला यंत्राऐवजी माणूस दिसतो. भाषा न जुळणाऱ्या दोघांच्या बाबतीत तर डोळ्यांची ही भेट फार मोलाची ठरते.

त्या दिवशीच्या एका चित्रात लेनन पुढे स्पष्ट दिसतो आणि मागे सटक्लिफ धूसर आहे. हे कसे साधते? भिंगाच्या मागे प्रकाश आत सोडणारे एक छिद्र असते. ते लहानमोठे करता येते. छिद्र लहान ठेवले तर जवळचे आणि दूरचे दोन्ही रेखीव उमटते. छिद्र मोठे ठेवले तर ज्या अंतरावर भिंग नेमके लावले असेल तेवढेच स्पष्ट येते, बाकीचे विरघळल्यासारखे होते. अर्थात कोणाला पुढे आणावे आणि कोणाला धूसर ठेवावे, हे छिद्र ठरवीत नाही; ते माणूस ठरवितो.

अर्धा उजेड, अर्धी सावली

ॲस्ट्रिडच्या व्यक्तिचित्रांची दुसरी खूण म्हणजे अर्धवट उजळलेला चेहरा. एक गाल प्रकाशात, दुसरा अंधारात. ही युक्ती दिसावयास गूढ, पण तिचे शास्त्र सोपे आहे. एकाच बाजूच्या खिडकीतून येणारा प्रकाश माणसाच्या एका अंगावर पडतो. दुसऱ्या बाजूस पांढरी भिंत असेल, तर तिच्यावरून परावर्तित झालेला उजेड सावली उजळून टाकतो. ती भिंत काळी असेल किंवा बरीच दूर असेल, तर सावली गडद राहते. पूर्ण समोरून प्रकाश टाकला तर नाक, गाल, कपाळ सारे सपाट भासते. बाजूने टाकला तर चेहऱ्याचे चढउतार उठून दिसतात. डोंगर भर दुपारी सपाट वाटतात आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्या घड्या मोजता येतात, तोच हा न्याय.

यात आणखी एक बारकावा आहे. उघड्या उन्हाची सावली कडक, धारदार असते; गाळून आलेल्या उजेडाची सावली मऊ असते. आमच्या गोव्याच्या जुन्या घरांतून खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने असत; काही घरांत ती अजूनही आहेत. ऊन त्यांतून गाळून आत येते आणि खोलीभर दुधासारखे पसरते. व्यक्तिचित्रासाठी याहून चांगला दिवा विकत मिळणार नाही.

या अर्ध्या उजेडाने पुढे मोठी मजल मारली. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी बीटल्सची 'विथ द बीटल्स' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या वेष्टनावरील चित्रात चार चेहरे काळोखातून अर्धे बाहेर आलेले दिसतात. ते चित्र रॉबर्ट फ्रीमन याने इंग्लंडमधील बोर्नमथ येथील एका हॉटेलात, खिडकीच्या बाजूच्या उजेडात काढले. हांबुर्गची चित्रे या मंडळींच्या मनात होती आणि तसेच काही त्यांना हवे होते, असे सांगितले जाते. वेष्टन जगभर गेले. हांबुर्गच्या मुलीचे नाव त्या मानाने फारच थोड्यांस ठाऊक झाले.

ॲस्ट्रिड आणि सटक्लिफ यांचे लग्न ठरले होते. सटक्लिफ मुळातला चित्रकार. मंडळ सोडून तो हांबुर्गच्या कलाविद्यालयात दाखल झाला. १० एप्रिल १९६२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा अंत झाला, तेव्हा त्याचे वय एकवीस होते. दुसऱ्याच दिवशी त्याचे मित्र हांबुर्गला पोहोचले. विमानतळावर ॲस्ट्रिडनेच त्यांना ही वार्ता सांगितली. त्यानंतर सटक्लिफ जेथे बसून चित्रे रंगवी त्या माळ्यावरच्या खोलीत तिने लेनन आणि हॅरिसन यांचे एक छायाचित्र काढले. लेनन बसलेला आहे, हॅरिसन त्याच्या मागे उभा आहे, आणि उजेड एकाच अंगाने येतो आहे. चित्र काढणारी आणि चित्रात असलेले, तिघांचेही दुःख एकच. दीड वर्षापूर्वी जत्रेच्या मैदानावर जी मुले जगाला आव्हान देत होती, ती येथे एकाएकी वडील झालेली दिसतात. शिकाऊ छायाचित्रकर्ती येथे शिकाऊ राहिलेली नाही. तिने युक्ती अशी काही केली नाही. फक्त पाहिले आणि पाहू दिले.

या चित्रातील हॅरिसन पुढे आपल्या देशाशी जोडला गेला. सप्टेंबर १९६६ मध्ये तो पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईस आला आणि जानेवारी १९६८ मध्ये त्याने मुंबईच्या एच.एम.व्ही. ध्वनिमुद्रणालयात हिंदी वादकांस घेऊन संगीत मुद्रित केले. सतरा वर्षांचा म्हणून हाकलून दिलेला मुलगा तेविसाव्या वर्षी पुन्हा शिष्य होऊन जमिनीवर मांडी घालून बसतो, ही गोष्ट त्या चेहऱ्याकडे पाहताना आठवल्यावाचून राहत नाही.

दाराच्या चौकटीत

तिघांपैकी युर्गेन फोल्मर याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र १९६१ सालचे. त्या वसंतात बीटल्स पुन्हा हांबुर्गला आले होते. फोल्मरने लेननला एका जुन्या इमारतीच्या दारात, चौकटीला टेकून उभे केले. लेनन आणि दार अगदी रेखीव आहेत. पण त्याच्या पुढून तीन माणसे चालत गेली आहेत आणि ती केवळ धुरकट पट्ट्यांसारखी उमटली आहेत. ती तिघे म्हणजे मॅकार्टनी, हॅरिसन आणि सटक्लिफ.

येथे कॅमेऱ्याच्या झडपेचे काम समजून घेतले पाहिजे. झडप उघडी असते तेवढा वेळ फिल्मवर प्रकाश पडतो. माणूस सावकाश चालताना सेकंदाला सुमारे सव्वा मीटर जातो. झडप १/५०० सेकंद उघडली तर तेवढ्यात तो अडीच मिलिमीटर सरकेल आणि चित्रात गोठलेला दिसेल. तीच झडप १/८ सेकंद उघडी राहिली तर तो सुमारे १५ सेंटिमीटर सरकेल आणि त्याचा आकार पुसट होईल. परंतु स्थिर उभा असलेला माणूस दोन्ही वेळा स्पष्टच येईल. फोल्मरने झडप सावकाश चालविली, लेननला निश्चल ठेविले आणि मित्रांना चालते केले. त्यामुळे एकाच चित्रात दोन काळ आले : थांबलेला आणि वाहणारा.

हे चित्र बरीच वर्षे लोकांपुढे विशेष आले नाही. १९७५ साली लेननने आपल्या तारुण्यातील आवडत्या गाण्यांची 'रॉक अँड रोल' ही ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा वेष्टनासाठी त्याने हेच चित्र निवडले. जगातील नामांकित छायाचित्रकार त्याच्यापुढे उभे राहण्यास तयार असताना त्याने चौदा वर्षांपूर्वीचे एका शिकाऊ मुलाचे चित्र पसंत केले. मंडळाचा पहिला दुभाषा क्लाउस फोरमान यानेही मागे राहू नये! १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन त्याने रेखाटले आणि त्यास अमेरिकेचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. एका शाळेतील तीन स्नेही एका रात्री गाणे ऐकावयास जातात, आणि त्यातून चित्रांचा असा इतिहास घडतो.

एकवीस वर्षांची पाहुणी

आता दृश्य पालटते. १९७० च्या एप्रिलमध्ये बीटल्सची फाटाफूट जाहीर झाली होती. लेनन आता जगातील अत्यंत प्रसिद्ध माणसांपैकी एक होता. सॅन फ्रान्सिस्को येथे नोव्हेंबर १९६७ पासून 'रोलिंग स्टोन' नावाचे संगीतविषयक नियतकालिक निघत असे. त्याच्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर लेनन होता. संपादक यान वेन्नर डिसेंबर १९७० मध्ये त्याची दीर्घ मुलाखत घेण्यासाठी न्यूयॉर्कला निघाले. त्यांच्याबरोबर छायाचित्रे काढण्यास गेली ॲनी लीबोव्हिट्झ, वय वर्षे एकवीस, सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूटची विद्यार्थिनी.

लीबोव्हिट्झबाई त्या संस्थेत प्रथम चित्रकला शिकण्यास गेल्या. आपण चित्रकलेची शिक्षिका व्हावे असा त्यांचा विचार होता. १९६८ साली कुटुंबासमवेत जपानला गेल्या असता त्यांनी आपला पहिला खरा कॅमेरा विकत घेतला आणि तो घेऊन त्या फूजी पर्वत चढल्या. परत आल्यावर छायाचित्रणाच्या वर्गात त्यांचे मन रमले. आपली चित्रे घेऊन त्या 'रोलिंग स्टोन'च्या कचेरीत गेल्या आणि तेथे काम मिळू लागले. लेननच्या भेटीस आपल्याला न्यावे म्हणून त्यांनी संपादकांस जो मुद्दा पटविला तो मोठा व्यवहारी होता : आपल्याला विमानाचे तरुणांसाठी असलेले स्वस्त तिकीट चालेल आणि उतरावयास मित्रांचे घर आहे! कलेचा प्रवेश कधीकधी काटकसरीच्या दारानेच होतो.

त्या दिवशी काय घडले ते त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेविले आहे. त्यांच्या एका कॅमेऱ्यास १०५ मिलिमीटरचे लांब भिंग होते. त्याचा उपयोग त्या मुख्यतः प्रकाश मोजण्यासाठी करीत. हे मोजमाप कशासाठी, ते सांगणे अवश्य आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरच्या साऱ्या देखाव्याची सरासरी काढतो. माणसाच्या मागे उजळ खिडकी असेल तर सरासरी फुगते, कॅमेरा प्रकाश कमी घेतो आणि चेहरा काळवंडतो. मागे अंधार असेल तर उलट प्रकार होतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. यावर उपाय असा, की प्रथम केवळ चेहराच चौकटीत भरेल इतके जवळून मोजमाप घ्यावे आणि मग मागे सरून चित्र काढावे. लांब भिंगातून पाहिले की जागचे न हलताच चेहरा चौकटीत भरतो.

लीबोव्हिट्झबाई अशा रीतीने मोजमाप घेत असताना लेननने मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिले. ती दृष्टी बराच वेळ टिकली. त्यांनी कळ दाबली. चित्र असे ठरलेले नव्हते. ते तयारीच्या वेळी आलेले होते. परंतु २१ जानेवारी १९७१ च्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी संपादकांनी नेमके तेच निवडले. पाहणाऱ्याकडे सरळ रोखलेले डोळे, आविर्भाव कसलाच नाही. ज्याने सहस्रावधी कॅमेऱ्यांना तोंड दिले त्या माणसाने एका विद्यार्थिनीपुढे मुखवटा ठेविला नाही.

याला दैवयोग म्हणावे काय? आमच्या मते अर्धवटच. मोजमापाची शिस्त होती म्हणून भिंग डोळ्यांस लागलेले होते; बोट कळीवर होते; आणि 'अजून आपले सुरू व्हावयाचे आहे' असे म्हणून तिने तो क्षण दवडला नाही. दैव दारात आले तेव्हा दार उघडे होते, एवढेच.

आणि लेननचे काय? लीबोव्हिट्झबाईंनी कृतज्ञतेने नमूद केले आहे की त्याने त्यांना पोर म्हणून वागविले नाही. तो साधेपणाने वागला, त्यांना धीर वाटेल असे त्याचे वर्तन होते, आणि मोठ्या माणसांकडून आपण कशी वागणूक अपेक्षावी याचा एक दंडक त्या दिवशी त्यांच्या मनात कायमचा घालून दिला गेला. व्यक्तिचित्रात पुढच्या माणसाचाही वाटा असतो, असे आम्ही आरंभी म्हटले ते याच अर्थाने.

पुढे त्या १९७३ साली त्या नियतकालिकाच्या प्रमुख छायाचित्रकार झाल्या. ८ डिसेंबर १९८० रोजी त्या पुन्हा लेननच्या न्यूयॉर्कमधील घरी गेल्या. संपादकांना एकट्या लेननचे चित्र हवे होते. पत्नी योको ओनो हिच्यासह चित्र असावे असा त्याचा आग्रह होता, आणि तो मानला गेला. लहान मूल आईला बिलगते तसा अंग मुडपून तो पत्नीला बिलगला आहे, असे ते चित्र. आमच्यातले नाते यात नेमके आले आहे, असा अभिप्राय त्याने नमुन्याची प्रत पाहून दिला. त्याच रात्री घराच्या दारात एका माथेफिरूने गोळ्या घालून त्याचा वध केला. २२ जानेवारी १९८१ चे मुखपृष्ठ त्या चित्राने व्यापले. त्यावर मथळा घालण्याची कोणास गरज वाटली नाही. पहिल्या आणि शेवटच्या भेटीमध्ये दहा वर्षांचे अंतर होते. पहिल्या भेटीत जो विश्वास मिळाला त्याच्या बळावरच शेवटचे चित्र निघू शकले असे आम्हांस वाटते.

चित्र कोणाचे?

आता एका रोकड्या प्रश्नाकडे वळू. ॲस्ट्रिडची चित्रे जगभर छापली गेली. पण त्यांतून तिला मिळावयास हवे होते त्याच्या मानाने फारच थोडे मिळाले. निगेटिव्हच्या बाबतीत आपण निष्काळजी होतो, व्यवहाराकडे आपण पाहिले नाही, असे तिने पुढे स्वतःच सांगितले. दुसरे दुःख याहून सूक्ष्म होते. जो तो तिच्याकडे बीटल्सची चित्रे मागे. तिची इतर चित्रे पाहण्याची कोणाची तयारी नसे. अखेर १९६० च्या दशकातच तिने हे काम जवळजवळ सोडून दिले. २०२० च्या मे महिन्यात, ब्याऐंशी वर्षे पूर्ण होण्यास थोडे दिवस उरले असता, हांबुर्गमध्ये तिचे निधन झाले. कीर्तिमंताचा चेहरा शिकाऊ हाताला उजेडात आणतो हे खरे. परंतु त्याच चेहऱ्याची सावली त्या हातावर जन्मभर पडूही शकते.

याच्या उलट बाजूही पाहावी. लीबोव्हिट्झबाईंनी पैशाच्या अडचणीत घेतलेल्या २ कोटी ४० लाख डॉलरच्या कर्जासाठी आपल्या घरांबरोबर आपल्या छायाचित्रांचे हक्कही तारण ठेविले होते, हे २००९ साली कर्ज देणाऱ्या कंपनीने दावा लावला तेव्हा सर्वत्र गाजले. पुढे तो वाद मिटला. पण छायाचित्राचा हक्क ही घरादाराइतकीच खरी मालमत्ता आहे, हे त्यावरून कोणासही कळावे.

आपल्या देशात १९५७ सालचा ग्रंथस्वामित्वाचा, म्हणजे कॉपीराइटचा, कायदा आहे. त्याप्रमाणे छायाचित्र जो काढतो तो त्याचा कर्ता होय. मात्र कोणी मोबदला देऊन आपल्यासाठी चित्र काढविले असेल आणि वेगळा करार नसेल, तर प्रथम स्वामित्व काढविणाऱ्याकडे जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात ६० वर्षे टिकतो. हक्क विकला तरी 'हे चित्र माझे' असे म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. म्हणून दुसऱ्याचे चित्र भित्तिपत्रकास लावताना त्याखाली काढणाऱ्याचे नाव लिहिणे, हा सौजन्याचा आणि न्यायाचाही भाग आहे.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आज तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी कॅमेरा असलेला मोबाइल फोन आहे. रॉलायकॉर्डच्या बारा चित्रांच्या जागी त्यात हजारो मावतात. कीर्तिमंत तुमच्यापुढे येतील तेव्हा येतील. आज आजीबाई आहेत, गावातले भजनीबुवा आहेत, घुमट वाजविणारे काका आहेत, रेंदेर आहेत. त्यांस प्रथम विचारा आणि त्यांनी नको म्हटले तर तो नकार आनंदाने घ्या. त्यांस खिडकीजवळ किंवा बाल्कांवाच्या कडेस बसवा, भर उन्हात उभे करू नका. 'हसा' असे सांगू नका. त्यांच्याशी बोला, आणि बोलणे संपल्यावर जी क्षणभराची शांतता येते तिची वाट पाहा. बाराच चित्रे काढावयाची असा स्वतःशी नेम करा. निघालेल्या चित्राची एक प्रत त्यांना द्या, आणि आपल्या प्रतीच्या पाठीमागे त्यांचे नाव, गाव, तारीख आणि आपले नाव सुवाच्य अक्षरांत लिहा.

या शेवटच्या सूचनेस आळस करू नये. ज्या चेहऱ्यांना आज सारे गाव ओळखते, त्यांची नावे तीस वर्षांनी सांगण्यास कदाचित त्या चार ओळीच उरलेल्या असतील.